एक प्रोसेसर, अनेक कामे

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील देवगाव फाटा म्हणजे मंठा, जिंतूर आणि सेलू या तिन्ही बाजूंनी येणारे रस्ते जिथे मिळतात ते ठिकाण. मृग नक्षत्र लागले की अशा फाट्यावर बसची वाट पाहत थांबलेल्या शेतकऱ्यांचे बोलणे हमखास पावसावर येऊन ठेपते. त्यांच्यापैकी एखाद्याच्या हातातील मोबाइलवर गाणे चालू असते, त्याच वेळी पडद्यावर हवामानाचा अंदाज उघडत असतो, मागे कुणाचा तरी निरोप येऊन पडतो आणि तेवढ्यात बियाण्याच्या दुकानातून फोन खणखणतो. गाणे थांबते, बोलणे होते आणि फोन ठेवताच गाणे जिथे तुटले होते तिथून पुन्हा सुरू होते. इतकी सारी कामे हे इवलेसे यंत्र एकाच वेळी कसे करते, असा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. पडला, तर त्याचे उत्तर मात्र मनोरंजक आहे. प्रोसेसरचा एक गाभा, म्हणजे एक कोअर, अशी अनेक कामे प्रत्यक्षात एकाच वेळी करतच नाही. तो ती एकामागून एक, थोडी थोडी करतो. आणि ती एकत्र चालल्याचा भास आपल्याला होतो.

चहाच्या टपरीवरील शिस्त

हा भास कसा निर्माण होतो, हे समजून घेण्यासाठी फाट्यावरील एखाद्या चहाच्या टपरीचे उदाहरण पुरेसे आहे. टपरी चालविणारा एकटा आहे. एका गिऱ्हाइकाला चहा हवा आहे, दुसऱ्याला भजी आणि तिसऱ्याला सुट्टे पैसे. पहिल्याचा चहा पूर्ण होईपर्यंत इतरांकडे पाहायचेच नाही, असे त्याने ठरविले तर दोन गिऱ्हाइके उठून जातील. म्हणून तो चहाचे आधण ठेवतो, तेवढ्यात भज्यांचा घाणा तेलात सोडतो, एका हाताने सुट्टे मोजून देतो आणि पुन्हा चहाकडे वळतो. कोणत्याही एका क्षणी त्याचे हात एकाच कामात असतात. तरीही तिघांनाही आपलेच काम चालू आहे असे वाटते.

संगणकात हेच घडते, फक्त विलक्षण वेगाने. तीन गिगाहर्ट्झ वेगाच्या प्रोसेसरच्या घड्याळाचे एका सेकंदात ३०० कोटी ठोके पडतात. ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे संगणकाचा कारभार पाहणारी मूळ आज्ञावली, प्रत्येक कामाला काही मिलिसेकंदांचा वाटा देते. हा वाटा दहा मिलिसेकंदांचा धरला, तर तेवढ्यातही तीन कोटी ठोके होतात, म्हणजे बरेच काम उरकते. वाटा संपला की पुढच्या कामाची पाळी. पाच कामे असतील तर प्रत्येकाची पाळी सेकंदातून २० वेळा येते. चित्रपटात सेकंदाला २४ स्थिर चित्रे डोळ्यांपुढून सरकतात आणि आपल्याला सलग हालचाल दिसते. येथेही आपल्या संथ इंद्रियांची तशीच फसगत होते.

मात्र काम मध्येच सोडायचे तर ते कुठे सोडले याची नोंद हवी. चहात साखर घातली होती की नव्हती, हे टपरीवाला विसरला तर घोटाळा ठरलेलाच. प्रोसेसरच्या आत रजिस्टर नावाच्या मोजक्या, अतिवेगवान जागा असतात. चालू आकडेमोडीतील संख्या आणि पुढची आज्ञा कोणती याचा पत्ता त्यांत असतो. काम बदलताना हा सगळा मजकूर स्मृतीत जपून ठेवला जातो, पुढच्या कामाचा मजकूर रजिस्टरांत भरला जातो आणि मगच ते काम सुरू होते. ही अदलाबदल फुकट होत नाही. तिला थोडा वेळ लागतो आणि तेवढा वेळ कोणत्याच कामी येत नाही. म्हणून पाळीचा वाटा फार लहान ठेवला तर सारा वेळ अदलाबदलीतच जातो आणि फार मोठा ठेवला तर यंत्र अडखळल्यासारखे वाटते. या दोहोंचा मध्य साधणे हे ऑपरेटिंग सिस्टीम रचणाऱ्यांपुढचे पहिले कोडे होय.

दुसरे कोडे तातडीचे. चुलीवरचे दूध उतू जाऊ लागले की हातातील काम टाकून धावावेच लागते. संगणकात कळ दाबली जाणे, फोन येणे, जाळ्यावरून माहितीचा तुकडा येऊन पोहोचणे या अशाच घटना आहेत. अशा वेळी संबंधित यंत्रभाग प्रोसेसरला इशारा देतो, त्याला इंटरप्ट असे म्हणतात. प्रोसेसर चालू काम जिथल्या तिथे थांबवून आधी त्याची दखल घेतो. गाणे थांबून फोन वाजतो, त्यामागे हीच यंत्रणा असते.

रांगेतून पाळीकडे

संगणकाला हे शहाणपण जन्मजात नव्हते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने टिफ्रॅक हा संगणक स्वतः बांधला आणि तो १९६० मध्ये कार्यान्वित झाला. १९६४ मध्ये तेथे सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. त्या पिढीतील संगणकांवर संशोधक आपले काम छिद्रे पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्याच्या रूपाने देत आणि उत्तराची वाट पाहत. कामे रांगेने चालत. मध्ये कुठे एक कार्ड चुकले, तर दुरुस्ती करून गठ्ठा पुन्हा रांगेत लावावा लागे. यंत्राचा वेळ अतिशय महाग आणि माणसाचा वेळ स्वस्त, असा तो हिशेब होता.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत फर्नांडो कॉर्बातो यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये वेगळा मार्ग दाखविला. एकाच संगणकाला अनेक टंकयंत्रे जोडायची आणि प्रत्येकाला आळीपाळीने वेळ द्यायचा. माणूस विचार करण्यात किंवा टंकण्यात जो वेळ घालवतो, तेवढ्यात यंत्र इतर अनेकांची कामे करून मोकळे होते. कालविभागणीची ही कल्पना पुढे सर्वत्र रुजली.

घरगुती संगणकांवर मात्र ती पूर्णपणे यायला वेळ लागला. विंडोजच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत पाळी सोडणे प्रत्येक प्रोग्रामच्या मर्जीवर होते. एखादा प्रोग्राम अडून बसला की सारा संगणक गोठत असे. १९९५ च्या विंडोजपासून नव्या धाटणीच्या प्रोग्रामांच्या बाबतीत पाळी काढून घेण्याचा अधिकार ऑपरेटिंग सिस्टीमकडे आला. ग्रामसभेत बोलणाऱ्याने आपण होऊन खाली बसावे ही अपेक्षा वेगळी आणि अध्यक्षांनी वेळ संपल्याची घंटा वाजविणे वेगळे, तसाच हा फरक.

संगणक ‘हँग’ का होतो?

एवढी व्यवस्था असूनही संगणक ‘हँग’ होतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. पीकविम्याचा अर्ज भरण्याची मुदत संपत आली आहे, सेवा केंद्राबाहेर रांग लागली आहे आणि नेमका त्याच वेळी पडदा गोठतो. तेव्हा दोष प्रोसेसरला दिला जातो. पुष्कळदा खरा अडसर स्मृतीचा, म्हणजे रॅमचा असतो.

टपरीचेच उदाहरण पुढे न्यावयाचे तर रॅम म्हणजे कामाचा ओटा आणि डिस्क म्हणजे मागची कोठी. ओट्यावर मावतील तेवढीच कामे झरझर होतात. कामे वाढली की काही सामान कोठीत ठेवावे लागते आणि पाळी आली की परत आणावे लागते. रॅममधील माहिती मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, तर फिरत्या चकतीच्या जुन्या डिस्कवरून ती मिळायला दहा मिलिसेकंदांच्या आसपास. हा फरक सुमारे एक लाख पटींचा आहे. नव्या, चकती नसलेल्या डिस्क पुष्कळ वेगवान असल्या तरी रॅमच्या तुलनेत त्याही मागेच पडतात. ओटा फारच अपुरा पडला की सारा वेळ सामानाची ने-आण करण्यात जातो, चहा कुणालाच मिळत नाही. अशा वेळी पुन्हा पुन्हा कळ दाबल्याने त्रासात भरच पडते. नको असलेल्या खिडक्या बंद करणे हाच तातडीचा उपाय आणि रॅम वाढविणे हा कायमचा. अर्थात अडथळा आपल्या संगणकात नसून पलीकडच्या सर्व्हरवर एकदम उसळलेल्या गर्दीत असेल, तर इकडच्या खिडक्या बंद करून काही साधत नाही.

एकाचे दोन, दोनाचे आठ

एकाच कोअरचा वेग वाढवीत नेणे हा प्रोसेसर बनविणाऱ्यांचा अनेक वर्षे राजमार्ग होता. इंटेलने १९७१ मध्ये बाजारात आणलेल्या ४००४ या चिपवर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. पुढच्या तीन दशकांत ट्रान्झिस्टरांची संख्या कोट्यवधींवर गेली आणि ठोक्यांचा वेगही हजारो पटींनी वाढला. मात्र वेगाबरोबर उष्णताही वाढत गेली. २००४ च्या सुमारास हा मार्ग पुढे नेणे परवडेनासे झाले. चिप थंड ठेवणे हाच मोठा प्रश्न होऊन बसला.

तेव्हा एकाच चिपवर दोन कोअर बसविण्याकडे कल वळला. आयबीएमने आपल्या मोठ्या संगणकांसाठी २००१ मध्येच तसा प्रोसेसर आणला होता. २००५ मध्ये इंटेल आणि एएमडी यांनी तो घरगुती संगणकांपर्यंत पोहोचविला. आज साध्या मोबाइलमध्येही आठ कोअर सर्रास आढळतात. त्यांतील काही दमदार पण वीज खाणारे, तर काही मंद पण काटकसरी असतात. गाणे वाजविण्यासारखे हलके काम काटकसरी कोअरकडे दिले जाते, त्यामुळे बॅटरी टिकते. येथे मात्र कामे खरोखरच एकाच वेळी चालतात. टपरीवर आता एकट्या मालकाऐवजी आठ जण राबत आहेत. तथापि माणसे वाढली की काम त्याच पटीत वाढते असे नाही, हे मळणीचा अनुभव असलेल्या कुणालाही सांगावे लागणार नाही.

सामाईक वस्तूचा तंटा

अडचण सुरू होते ती सामाईक वस्तूपाशी. समजा, एका खात्यात १०,००० रुपये आहेत. घरधनी एटीएममधून ४,००० रुपये काढत आहे आणि त्याच क्षणी त्याच खात्यात शेतमालाचे ६,००० रुपये जमा होत आहेत. दोन्ही कामे दोन वेगवेगळ्या कोअरवर चालली आहेत. दोघांनीही आधी शिल्लक वाचली, दोघांनाही १०,००० दिसले. पहिल्याने ४,००० वजा करून ६,००० लिहिले. दुसऱ्याने ६,००० मिळवून १६,००० लिहिले. जो शेवटी लिहील त्याचा आकडा राहणार. खरी शिल्लक १२,००० हवी होती, ती कुठेच नाही. दोघांपैकी एकाचीही आकडेमोड चुकलेली नाही. चूक झाली ती एकमेकांच्या पायात पाय आल्यामुळे. खरे बँकेचे संगणक असे होऊ नये याची काटेकोर तजवीज करतात. परंतु ती तजवीज कुणी तरी मुद्दाम करावी लागते, आपोआप होत नाही.

त्यावरचा उपाय नेदरलँड्सचे संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६० च्या दशकात मांडला आणि त्याला नाव दिले ते रेल्वेच्या सिग्नलचे, सेमाफोर. सेलूवरून जाणारा मनमाड-परभणी रेल्वेमार्ग निजामाच्या काळात टाकला गेला तेव्हा एकेरी होता. अशा एकेरी मार्गावर समोरासमोर टक्कर होऊ नये म्हणून स्टेशनमास्तर इंजिनचालकाच्या हाती टोकन देत असे. टोकन हाती असल्याशिवाय पुढच्या टप्प्यात गाडी घालायची नाही आणि एका टप्प्यासाठी एका वेळी एकच टोकन बाहेर. खात्याच्या बाबतीतही तसेच. ज्या कामाने त्या खात्याचे टोकन घेतले, ते वाचणे, बेरीज-वजाबाकी आणि लिहिणे या तिन्ही गोष्टी उरकून टोकन परत करते. तोवर दुसऱ्याने थांबायचे.

थांबण्यातूनही नवा पेच उद्भवतो. टपरीवरील एकाने गाळणी धरली आहे आणि तो पातेल्यासाठी खोळंबला आहे. दुसऱ्याने पातेले धरले आहे आणि तो गाळणीसाठी खोळंबला आहे. दोघेही शहाणे, दोघेही नियमाने वागणारे, तरीही चहा होत नाही. याला डेडलॉक म्हणतात. सर्वांनी वस्तू ठरावीक क्रमानेच घ्यायच्या, आधी पातेले आणि मग गाळणी, असा दंडक घातला की हा पेच टळतो.

याहूनही नाजूक पेच पृथ्वीपासून कोट्यवधी किलोमीटर दूर घडला. अमेरिकेचे पाथफाइंडर यान ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरले. काही दिवसांतच त्याचा संगणक अधूनमधून आपोआप बंद होऊन नव्याने सुरू होऊ लागला. शोध घेता कारण सापडले ते असे. हवामानाच्या नोंदी घेणाऱ्या एका दुय्यम कामाने सामाईक साधनाचे टोकन घेतले होते. सर्वांत महत्त्वाचे काम त्या टोकनासाठी थांबले. इतक्यात मधल्या दर्जाची कामे आली आणि त्यांनी दुय्यम कामाला बाजूला सारून प्रोसेसर अडवला. परिणामी दुय्यम काम पुरे होईना, टोकन सुटेना आणि सर्वांत महत्त्वाचे काम सर्वांत मागे पडले. ते वेळेत झाले नाही हे पाहून संगणकावर पहारा ठेवणारी यंत्रणा सारे नव्याने सुरू करी. अभियंत्यांनी पृथ्वीवरील प्रतिकृतीवर हा बिघाड घडवून पाहिला आणि दुरुस्ती मंगळावर धाडली. दुरुस्ती साधी होती. महत्त्वाचे काम ज्याच्यामुळे अडले आहे त्याला टोकन सुटेपर्यंत तेवढाच मान द्यायचा. गाळणी पोऱ्याच्या हाती असेल आणि मालक तिच्यासाठी थांबला असेल, तर त्या पोऱ्याला मध्येच पाणी आणायला पिटाळू नये, इतकेच तत्त्व.

न वाटता येणारा भाग

समजा, ही सारी शिस्त पाळली. मग कोअर वाढवीत नेले की वेगही वाढतच जाईल काय? जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये या प्रश्नाचे रोखठोक उत्तर दिले. कापसाची वेचणी वाटून देता येते. दहा मजूर असोत की शंभर, प्रत्येकाला आपापली सरी मिळते. पण वेचलेला कापूस भरून एकच गाडी गावात न्यायची असेल, तर त्या प्रवासाचा वेळ मजूर वाढवून कमी होत नाही. दहा तासांच्या कामात एक तास असा न वाटता येणारा असेल, तर कितीही मजूर लावले तरी काम एका तासाच्या आत आटोपणार नाही. म्हणजे वेग फार तर दहापट होईल, त्यापुढे नाही. म्हणून अनेक प्रोसेसरांचे यंत्र बांधणाऱ्याचे खरे कसब काम असे मांडण्यात असते, की न वाटता येणारा भाग कमीत कमी उरेल.

पुण्यातील महासंगणक आणि मराठवाड्यातील पाऊस

या कसबाची कसोटी महाराष्ट्रात एकदा जाहीरपणे लागली होती. १९८० च्या दशकात अद्ययावत महासंगणक भारताला देण्यास अमेरिका राजी नव्हती. त्या पार्श्वभूमीवर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक साकारला. एकच अतिबलाढ्य प्रोसेसर घडविण्याऐवजी अनेक छोटे प्रोसेसर जोडून काम वाटून घेण्याचा मार्ग त्यात स्वीकारला होता. त्यासाठी वापरलेल्या ट्रान्सप्युटर या ब्रिटिश बनावटीच्या चिपला शेजारच्या चिपांशी थेट बोलण्यासाठी चार दुवे असत. आज जगातील सर्व मोठे महासंगणक अनेक प्रोसेसरांच्या याच तत्त्वावर चालतात.

त्याचा देवगाव फाट्यावरील शेतकऱ्याशी संबंध काय, असे कुणी विचारील. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २६ सप्टेंबर २०२४ रोजी ‘अर्क’ हा महासंगणक राष्ट्राला अर्पण झाला. त्याची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप आहे. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर १५ शून्ये इतक्या आकडेमोडी. हवामानाचा अंदाज काढताना पृथ्वीचे वातावरण चौकोनांत विभागतात आणि हे चौकोन हजारो कोअरना वाटून देतात. प्रत्येक कोअर आपल्या चौकोनांतील वारा, तापमान, दाब आणि बाष्प यांचे गणित मांडतो. पण ढग चौकोनाची सीमा जाणत नाही. जालन्याकडच्या चौकोनात काय झाले हे कळल्याशिवाय सेलूच्या चौकोनाला पुढचे पाऊल टाकता येत नाही. म्हणून प्रत्येक पावलानंतर शेजाऱ्यांनी परस्परांना आकडे कळवायचे आणि सर्वांत मंद असलेल्यासाठी बाकीच्यांनी थांबायचे. टपरीवरील, खात्यातील आणि मंगळावरील सारे पेच येथे हजारपटीने उभे राहतात.

२६ मे २०२५ रोजी याच संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सादर झाली. तिचे चौकोन सहा किलोमीटरचे आहेत, त्याआधीच्या प्रणालीचे १२ किलोमीटरचे होते. १२ किलोमीटरच्या चौकोनात १४४ चौरस किलोमीटर प्रदेश येतो, सहाच्या चौकोनात ३६. चौकोन चौपट होतात आणि गणिताची पावलेही साधारण निम्म्या अंतराने टाकावी लागतात. म्हणजे काम जवळजवळ आठपट होते. तरीही उत्तर वेळेत हवे, कारण उद्याचा अंदाज परवा मिळून उपयोग नाही.

परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ हवामानाच्या अंदाजांवर आधारित सल्ला शेतकऱ्यांसाठी देत असते. सोयाबीन पेरावे की चार दिवस थांबावे, फवारणी आज करावी की उद्या, हे निर्णय त्यावर अवलंबून असतात. पेरणीनंतर पावसाने दडी मारली तर दुबार पेरणीचा खर्च शेतकऱ्याच्या माथी येतो. सहा किलोमीटरचा चौकोन हे अचूकतेचे आश्वासन नव्हे. मराठवाड्यातील पाऊस एका शिवारात कोसळून शेजारचे कोरडे ठेवू शकतो. मात्र गणित जितके बारीक आणि वेळेत, तितका निर्णयाला आधार बळकट.

फाट्यावरील शेतकऱ्याच्या मोबाइलवर गाणे थांबवून हवामानाचा अंदाज उघडतो, तेव्हा त्या एका पडद्यामागे पाळीची ही शिस्त दोन ठिकाणी राबत असते. त्याच्या हातातील आठ कोअरमध्ये आणि पुण्याच्या महासंगणकातील हजारो कोअरमध्ये. काम वाटून देणे त्या मानाने सोपे असते. कुणी कधी थांबायचे, सामाईक वस्तू कुणी कधी धरायची आणि अडलेल्याला वाट कशी करून द्यायची, हे ठरविणे अवघड असते. ते जितके नीट ठरेल, तितके पेरणीआधीचे उत्तर वेळेवर त्याच्या हाती पडेल.